शालूबाईंनी फिरवलेली पाठ

आमच्या शाळेत पाच शिक्षक होते, एक अधीक्षक होते, आणि शाळा चालवायच्या शालूबाई. कागदोपत्री त्या आया. वसमतकडच्या एका शेतकऱ्याच्या घरच्या, सातवी पास. नवरा तातेराव गावी शेत बघायचा आणि ह्या इकडे हिंगोलीत मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत, तेव्हा तसंच म्हणायचे, चाळीस लेकरांना न्हाऊमाखू घालायच्या. मी विशेष शिक्षणाची पदविका घेऊन तिथे रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात शालूबाईंनी मला ऐकवलं, "सर, ती पदवी खुंटीला टांगा अन् आदी लेकरांची नावं पाठ करा." मला राग आला. नावं मात्र पाठ केली.

२००१च्या जूनमध्ये कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून गुलाबसिंग आपल्या मुलीला, निताला, घेऊन आला. निता नऊ वर्षांची. बोलायची नाही, आणि स्वतःच्या मुठीने कानशिलावर मारून घ्यायची, दिवसातून शंभर-दीडशे वेळा. डावा डोळा कायम सुजलेला. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, मारणं थांबलं नाही तर डोळ्यातला पडदा सुटेल आणि नजर जाईल. हे आपल्या शाळेत घडलं तर काय, या धास्तीने संस्थेच्या मंडळींनी ठरवून टाकलं की दिवाळीपर्यंत वाट बघायची, तोवर मारणं थांबलं नाही तर पोरीला घरी पाठवायचं.

माझ्या पदविकेने मला एकच उपाय सुचवला, मुठींना पट्टी बांधायचा. मी दोन दिवस बांधलीही. तिसऱ्या दिवशी शालूबाईंनी ती सोडली, नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुमचे हात बांधून तुमाला जेवाय वाढू का, सर?" मी पट्टी खणात टाकली.

ऑगस्टमध्ये पुनम आली. ती औरंगाबादला मानसशास्त्रात संशोधन करत होती. अशी मुलं स्वतःला इजा का करतात आणि ते कसं थांबवता येतं, हा तिचा विषय. तिचं सांगणं अगदी साधं होतं. निताने मारून घेतलं की त्याच्या आधी काय झालं आणि नंतर तिला काय मिळालं, एवढं वहीत लिहायचं. बहुतेक वेळा उत्तर 'नंतर'च्या रकान्यात सापडतं.

"त्यात काय शोधायचं?" शालूबाई म्हणाल्या. "भूक लागली की मारती. मी सांगते ना." पण मोजायचं काम त्यांनीच ओढून घेतलं. पोरांना भरवताना हातात पेन कुठून धरणार? म्हणून त्यांनी कमरेला दोन पिशव्या बांधल्या. निताची मूठ कानशिलावर पडली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे टाकायचा. तास संपला की मोजून वहीत आकडा, आधी आणि नंतर काय झालं त्याची एक ओळ. मूठ न चुकता मोजली जायची आणि शालूबाईही न चुकता धावत जायच्या. निताला उचलायचं, पाठीवरून हात फिरवायचा, लिंबाखाली न्यायचं. आकडे रोजचे एकशे चाळीस, एकशे बावन्न, एकशे अडतीस.

मग महालक्ष्म्या आल्या. शालूबाई तीन दिवस गावी गेल्या आणि पिशव्या माझ्या कमरेला आल्या. मी काही धावत जाणारा माणूस नाही. निता मारून घेई, मी चिंचोका टाकी. पहिल्या दिवशी एकेचाळीस भरले. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी सतरा. माझाच घोटाळा झाला असं वाटून मी ते पुन्हा पुन्हा मोजले.

शालूबाई पुरणपोळीचा डबा घेऊन परतल्या तेव्हा वही लपवावी असं माझ्या मनात आलं. जी बाई लेकरावर सर्वांत जास्त माया करते, ती नसताना लेकरू स्वतःला कमी मारतं, हे तिला कुणी सांगायचं? पण त्यांनीच वही मागून घेतली. माझी तीन पानं वाचली. मग मागे जाऊन स्वतःची वाचली. 'नंतर'च्या रकान्यात पानोपानी त्यांच्याच अक्षरात एकच ओळ होती: मी उचलून घेतलं.

त्या जागेवरून उठल्या आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर पुनमला म्हणाल्या, "ही सवय मीच वाढवली. तिला माणूस लागतं अन् मागता येत न्हाई. मारलं की मी पळत जाते, मंग ती काहून न मारील? आता बोला, काय करायचं."

मी त्या जागी असतो तर आकड्यांना नावं ठेवली असती. त्या क्षणी मला या बाईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कुणाचा वाटलेला नाही.

पुनमने सांगितलेलं काम दोन माणसांचं होतं. शालूबाई समोर उभ्या राहणार. निताची मूठ उठायच्या आत मी मागून तिचा हात धरून शालूबाईंच्या पदराला लावणार. पदर ओढला की शालूबाईंनी लगेच उचलायचं, हातातलं काम टाकून. मूठ कानशिलावर पडली तर मात्र पाठ फिरवायची. डोळा जपायला शालूबाईंनी कापूस भरलेलं, कानांवर येणारं जाड टोपडं शिवलं.

"तुम्ही समोर असून येत नाही म्हटल्यावर सुरुवातीला मारणं वाढेल, मावशी," पुनमने बजावलं. वाढलंच. तिसऱ्या दिवशी तीनशे अकरा. शालूबाई पाठ फिरवून उभ्या असायच्या आणि त्यांचे डोळे वाहत असायचे. मी थांबू या म्हणालो. त्या नाही थांबल्या. "तुमी हात धरा, सर. माझं मी बघते." सहाव्या दिवशी निताने पहिल्यांदा आपणहून पदर ओढला. त्यानंतर आकडा उतरत गेला, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सहावर आला.

आता सुट्टी तोंडावर होती. पुनम जरा चाचरतच म्हणाली, "मावशी, घरी तिच्या आईला काहीच सांगू नका. तिथे मारणं वाढलं आणि इथे परत आल्यावर कमी झालं, तर फरक आपल्या पद्धतीनेच पडला हे सिद्ध होईल. माझे मार्गदर्शक सर मला हेच विचारणार." शास्त्र म्हणून तिचं चूक नव्हतं. मी मानही डोलावली होती.

"तुमचं सिद्ध व्हईल," शालूबाई म्हणाल्या, "पर डोळा कुणाचा जाईल?"

"मग मी सरांना काय सांगू?"

"शालूबाई आडवी आली म्हणून सांगा."

पुनमने आपल्या हाताने टोपडं निताच्या पिशवीत भरलं.

स्वतःच्या घरची दिवाळी सोडून शालूबाई गुलाबसिंगसोबत एसटीने तांड्यावर निघाल्या, आणि हात धरायला दुसरं माणूस लागतं म्हणून मीही. निताची आई भिकाबाई अंगणातच होती. निताने मूठ उचलली तशी ती धावली.

"पाठ फिरव, बाई," शालूबाईंनी तिला अडवलं.

"काहून? लेकरू मारून घेऊन राहिलं अन् मी पाठ फिरवू?"

"मी फिरवली. माझं काळीज काय दगडाचं हाये? फिरव."

भिकाबाईने पाठ फिरवली. मी मागून निताचा हात धरून आईच्या ओढणीला लावला. ओढणी ओढली गेली की भिकाबाई वळून पोरीला उचलायची. दिवसभर आम्ही हेच केलं.

डोळ्याचं काय झालं ते आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. डिसेंबरात डॉक्टरांनी तपासलं, पडदा जागेवर होता, आणि निता २००६पर्यंत आमच्याच शाळेत शिकली. पण शालूबाईंचं नाव निघालं की मला आठवते ती तांड्यावरची दुसरी सकाळ.

भिकाबाई सुपात दाणे घेऊन खडे वेचत होती. मी लांब ओट्यावर शालूबाईंसोबत चहा पीत होतो, निताचा हात धरायला मागे कुणीच नव्हतं. ती आईसमोर येऊन उभी राहिली. मूठ कानापर्यंत गेली. तिथे थांबली. मग हात खाली आला आणि तिने ओढणी धरून ओढली.

भिकाबाई उठली नाही. सूप मांडीवर तसंच धरून ती पोरीकडे बघत राहिली.

"नऊ वर्सं झाली," ती म्हणाली, "आज हिनं मला बलावलं."

"मंग बसून काहून राहिली?" शालूबाई म्हणाल्या. "उचल तिला."