कालची अंबाडी

माझा धाकटा भाऊ कुलदीप बारसागडे समुद्रावर फिरणाऱ्या जहाजात स्वयंपाकी आहे. मालाचं जहाज नव्हे, हौशी लोकांचं. ही माणसं त्यात बसतात, पंधरा दिवस समुद्रात हिंडतात, खातात-पितात आणि जिथून निघाली तिथंच येऊन उतरतात. आरमोरीजवळच्या आमच्या गावात त्यानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारचे वारलूकाका म्हणाले, "मंग गेले काऊन?" कुलदीप नुसता हसला.

तो लहानपणापासून चुलीजवळचा. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले. आई, म्हणजे मीराबाई, लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जायची. मी मोठी, पण मला स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून भात टाकायचं काम या पोरावर आलं. गावातली पोरं चिडवायची, "कुलदीपबाई, आज भाजी काय?" तो चिडायचा नाही. खरंच भाजी सांगायचा. आरमोरीच्या खानावळीत भांडी घासता घासता कढईपर्यंत पोचला, मग नागपुरात कोर्स केला, गोव्याच्या हॉटेलात राहिला आणि तिथून जहाजावर गेला. हर्षाशी लग्न झालं, दिव्यानी झाली, आणि दिव्यानीच्या शाळेपायी त्या दोघी नागपुरात राहिल्या. माझं घर घुग्घुसला, नवरा सिमेंटच्या कारखान्यात. गावात आई एकटी. नागपूरला चल म्हटलं की म्हणायची, "तिथी आंगण कुठी हाय?" झालं, विषय संपला.

जहाजावर कुलदीपचं काम मोठं विचित्र. तिथं काही माणसं वर्षातून दोन-तीनदा येतात. काही तर उतरतच नाहीत, एक फेरी संपली की पुढच्या फेरीचीही खोली घेऊन ठेवतात. अशा नेहमीच्या लोकांसमोर तीच थाळी पुन्हा येता कामा नये, हे बघायचं काम याचं. मासा तोच असला तरी रस्सा वेगळा हवा, रस्सा तोच असला तर सोबतचा भात वेगळा, आणि काहीच सुचलं नाही तर निदान नाव तरी वेगळं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातली सगळी मोठी मंडळी डोकं धरून बसतात, आता यांना काय खाऊ घालायचं म्हणून. कुलदीप म्हणायचा, "ताई, 'हे तं मागच्या बारीले खाल्लं' असं कोणाच्या तोंडून निंगालं की समज मेलो." मी म्हणायची, "तुमच्या त्या लोकाईले एक दिवस रोवणीले पाठव. कोणतीबी भाजी गोड लागते मंग."

एकदा त्यानं एका म्हातारीची गोष्ट सांगितली. नवरा वारलेला, मुलं कुठं तरी लांब, बाई वर्षातला बहुतेक काळ जहाजावरच. खिडकीजवळचं टेबल तिचं. तिनं एकदा ओळीनं चार संध्याकाळी एकच सूप मागितलं. बस्स, स्वयंपाकघरात धावपळ. याच्या साहेबानं सरळ डॉक्टरच पाठवला तिच्या खोलीत, आणि निघालाही ताप. तेव्हापासून कुलदीपच्या डोक्यात पक्कं बसलं की तेच ते मागणारं माणूस म्हणजे आजारी माणूस. ही गोष्ट तो फार कौतुकानं सांगायचा. मला मात्र त्या म्हातारीचंच वाईट वाटायचं.

आमच्या आईची रीत याच्या बरोबर उलटी. तिच्याकडे पाहुणा असेल तोवर रोज भाजी बदलायची. आज पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा, उद्या लाखोळीच्या डाळीचे वडे, परवा कोणाकडून तरी आणलेली मासोळी. घरच्या माणसाला मात्र कालची उरलेली. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मला ते कळलं ते माझ्यावर वेळ आली तेव्हा. लग्नानंतर नवऱ्याशी मोठं भांडण करून मी गावी आले होते. आईनं एक शब्द विचारला नाही. पहिले दोन-तीन दिवस नवी नवी भाजी. मी मनात म्हणत होते, आता ही कधी परत जाते म्हणून बघत असेल. आणि एका दुपारी तिनं पानात कालचीच आलणभाजी, म्हणजे बेसन लावलेली पालेभाजी वाढली, पातळ झालेली, गरम केलेली. मी वर पाहिलं. ती म्हणाली, "खा. घर तुयंच हाय." मी रडले, खाल्लं, आणि पुढं माझं मी ठरवून नवऱ्याकडे परत गेले. पण त्या दिवशी मला कोणी सोन्याचं ताट दिलं असतं तरी तेवढं पोट भरलं नसतं.

कुलदीप सुट्टीवर आला की आई त्याला रोज नवीन करून घालायची. पावसाळा असेल तर वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी निघाल्या तर त्या. आणि हा शहाणा जाताना मला फोन करून सांगायचा, "ताई, मायनं पूर्ण सुट्टीत एकबी भाजी दुबारा नाई केली! आमच्या जहाजावर नोकरी भेटन तिले." मी आईला एकदा विचारलं, त्याला कधीच कालचं का वाढत नाहीस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हात धजत नाई, संघप्रिया. वाढली अन् तरीबी गेला तं?"

मागच्या वर्षी आईला धाप लागायला लागली. गडचिरोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय मोठं झालंय. आमच्या आईचं हृदय मोठं आहे हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं मी म्हटलं, पण ते हसण्यासारखं नव्हतं. मोठं म्हणजे कमजोर. आता जपायचं, आणि तिला रुचेल ते खाऊ द्यायचं. श्रावणात कुलदीप सुट्टीवर आला, तो नागपुरात दोन दिवस राहून थेट गावी. आईला चुलीपुढं बसणं होत नव्हतं. त्यानं तिला ओसरीतल्या खाटेवर बसवलं आणि पदर खोचावा तसा टॉवेल कमरेला खोचला.

मग काय विचारता. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. दुधी घेऊन त्यात काय भरायचा, अंड्याचं पांघरूण करून त्यात भात काय गुंडाळायचा, वरणालासुद्धा रोज नवा रंग. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "मीराबाई, आज का हाय वं?" सुरुवातीला आईला मजा वाटली. जे आलं ते ती चाखायची, कौतुक करायची. दोन घास खायची आणि ताटली सरकवायची. कुलदीपला वाटायचं, हे आवडलं नाही, उद्या याहून चांगलं करू. तिची भूक गेली होती, आणि हा चवीच्या मागे लागला होता.

त्याची जायची तारीख जवळ आली तेव्हा एका सकाळी वारलूकाकांनी परसातली अंबाडी आणून दिली. याला जरा वेळ कमी होता, म्हणून त्यानं कुठली करामत न करता तांदळाच्या कण्या घालून साधी भाजी केली, वर लसणाची फोडणी. आई त्या दिवशी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तो काय करू म्हणून विचारायला आला तर म्हणाली, "कालचीच दे."

"माय, काल झाली ना थे. आज दुसरं करतो."

"नोको. कालचीच दे ना, बाबू."

यानं दिली नाही. टमाट्याचं काही तरी केलं. तिसऱ्या दिवशी आईनं पुन्हा तेच मागितलं, आणि यानं घाबरून मला फोन केला. "ताई, माय तेच तेच मागून राह्यली. मले काई बरं लक्षण वाटत नाई. गडचिरोलीले नेऊ का?"

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. जन्मात कधी ज्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, ती आपल्या पोराला, पाहुणा होऊ नकोस, घरचा होऊन थांब म्हणत होती. तेही तोंडानं म्हणवत नव्हतं, म्हणून भाजीआडून म्हणत होती. मी फक्त 'येते' म्हटलं. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. नवऱ्याची ड्युटी, पोरांचा डबा, सगळं शेजारणीच्या गळ्यात घातलं आणि निघाले. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा बस बदलत संध्याकाळी गावात पोचले. ओसरीत कुलदीपची बॅग भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला निघायचं होतं.

आईच्या पायाला हात लावला आणि याला दंडाला धरून मागच्या आंगणात नेलं. सगळं सांगितलं. माझ्या भांडणाचं, त्या आलणभाजीचं, पाहुण्याचं आणि घरच्याचं. तो विहिरीच्या काठावर बसला.

"म्हणजे एवढे दिवस मी पाहुणा होतो?"

"तूच झाला."

"ताई, मी इथी राहून काय करू? आरमोरीले चायनीजची गाडी लावू? दिव्यानीची शाळा हाय, हर्षा हाय. हे जहाज सोडलं तं पुन्हा घेत नाईत." तो रडत होता. तो खोटं बोलत नव्हता हे मलाही कळत होतं, आणि तरी मला त्याचा राग आला होता. रागाला कारण समजलं म्हणून तो जातो थोडाच.

मी म्हटलं, "जा तू. पण आज रात्री तिच्या ताटात कालचं वाढ. खोटं खोटं वाढ. उद्या गेला तरी चालते. तिचे जितके दिवस आहेत तितके त्यावर निभतीन."

तो उठला, डोळे पुसले आणि आत गेला. मी आईजवळ बसून राहिले. आत भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला, मग पुन्हा झाला. बऱ्याच वेळानं तो ताटली घेऊन आला. ताटलीत बटाट्याची भाजी होती. नवी. वर कोथिंबीर भुरभुरलेली.

आईनं ताटलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. त्या रात्री ती शेवटच्या शितापर्यंत जेवली आणि म्हणाली, "लय छान झाली." सकाळी तो पाया पडला तेव्हा तिनं पाहुण्याला निरोप देतात तसं दारापर्यंत येऊन म्हटलं, "सावकाश जाजो बाबू. पोचला की सांगजो." बस दिसेनाशी होईपर्यंत मी मनात त्याला शिव्या घालत होते.

मी आईजवळ राहिले. एकदा तिचे केस विंचरताना माझ्या तोंडून निघूनच गेलं, असा कसा गं हा दगडाचा. आईनं माझा हात धरला.

"त्याले नोको बोलू. त्याले जायचंच होतं. कालची वाढून गेला असता तं मी इथी वाट पाहत बसली असती. पोरगा खोटं वागला नाई माह्याशी. येवढं खूप झालं." हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ दिवसांनी समाधान पाहिलं. धान निसवायला लागलं तेव्हा एका पहाटे ती झोपेतच गेली. कुलदीप भर समुद्रात होता. जहाज किनाऱ्याला लागायला अजून अवकाश होता. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, गावानं खांदा दिला. तिच्या एकुलत्या एका मुलाशिवाय.

त्याचा फोन लागला तो नंतर, पुण्यानुमोदनही झाल्यावर. आवाज तुटत होता. तो सारखा एकच विचारत होता, माय माह्यावर नाराज होती का? माझा राग तोवर विरला होता. मला वाटलं, आता याला देण्यासारखी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, "तू खोटं वाढलं नाई, म्हणून माय सुखानं गेली. तू बरोबर केलं, बाबू. मीच चुकीचं सांगत होती."

"ताई," तो म्हणाला, "मी वाढणारच होतो. तू सांगितलं तसंच. आत जाऊन पाहिलं तं कालचं काईच नव्हतं. रोज रात्री उरलेलं मी वारलूकाकाच्या म्हशीले टाकून देत होतो. जहाजावर तसंच करतात, रात्रीचं सकाळी ठेवत नाईत. अंबाडी ताजी शिजवली असती तं मायले वासावरूनच समजलं असतं. म्हणून मंग बटाटे चिरले."

आई ज्या समाधानानं गेली ते मी याच्या हातात द्यायला गेले, आणि याला ते घेताही आलं नाही. मागून कोणी तरी इंग्रजीत त्याच्या नावानं हाक मारली. जेवणाची वेळ झाली होती तिकडे. तो म्हणाला, "जातो ताई," आणि मी म्हटलं, "जा."