गायरानावरचं विमानतळ

मी गाव सोडलं तवा आबा मला फाट्यावर सोडायला आल्ते, ते मेंढरांसकट. दुसरं कोणी सांभाळायला नव्हतं. भाऊ भोकरदनच्या बाजाराला गेल्ता, आन घरातलं माणूस चाललंय म्हणून मेंढरं काय उपाशी राहत न्हाईत. एसटी आली तवा सगळी मेंढरं रस्त्यात. ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला, कंडक्टर शिव्या देऊन राह्यला, आबा काठी घेऊन इकडून तिकडं पळताहेत. मी पेटी घेऊन चढलो, खिडकी धरली, तर आबांची पाठ माझ्याकडं. एक मेंढी नाल्यात उतरल्ती, तिच्या मागं गेल्ते. नीट राह्य म्हणायचं राहूनच गेलं.

वाटेत मात्र बोलले होते. कृषी पदविकेवर मला शहरातल्या विमानतळावर काम लागल्तं, धावपट्टीकडंचं गवत कापून घेण्याचं. आबांना ते काही केल्या पटंना. म्हणले, "गवत कापायला पगार देतेत? मेंढरं सोडा म्हणावं त्यांना!" आम्ही बापलेक लई हसलो. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

हे लिहायला तुम्हीच लावलं. गावात हायेत ते, आन पुण्याला, सुरतेला, कुठंकुठं पांगले ते बी. लग्नात भेटा, मयतीला भेटा, फोन करा, सवाल एकच: आपल्या गायरानावर विमानतळ कधी होऊन राह्यलं? थकलो बाप्पा. एकदाच नीट सांगतो, बराबर वाचा. कंपनीचं नाव मात्र लिहीत न्हाई. पगार तिचाच खातो.

धावपट्टीजवळ गवत माजलं की किडे येतात, किड्यांमागं पाखरं, आन पाखरू विमानाच्या इंजिनात गेलं की खेळ खलास. म्हणून गवत कापायचं. तिथून मी बागेत गेलो आन बागेतून पर्यावरण विभागात. मी आल्तो तवा एकच टर्मिनल होतं. मंग दुसरं झालं, आता तिसरं चालू हाये, त्याच्यामागं नवी धावपट्टी. एक पुरं होत न्हाई तर पुढचा नकाशा भिंतीवर. मीटिंगमध्ये प्रवासी वाढले म्हणून टाळ्या वाजतात, आन लगेच पुढच्या पानावर हिरव्या अक्षरात पर्यावरणाची जबाबदारी. खोटं कशाला बोलू? ती जबाबदारी नुसती लिहायला न्हाई. छतावर सोलर हाये, सांडपाणी साफ करून झाडांना घालतात, आतल्या गाड्या विजेवर केल्या. त्यातलं बरंच काम मी उभं राहून करून घेतलंय आन मला त्याचं कौतुक बी हाये. पण विमानतळ वाढलं की झाडं जातात, आन गेलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडं लावावी लागतात. शहरात जागा कुठली? मंग दूरदूरच्या पडीक जमिनी हुडकायच्या.

अशाच एका मीटिंगमध्ये पडद्यावर आपलं गायरान आलं. वरून काढलेला फोटो, पण ओढ्याचा वाक मी वळखला. खाली लिहिल्तं: पडीक, वापर नाही. मी हात वर केला. म्हणलं, "मॅडम, हे पडीक न्हाई. आमची मेंढरं चरतात तिथं." मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. बाई वाईट न्हाईत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आन म्हणाल्या, "पण गावानं एकमतानं ठराव दिलाय, नामदेव." त्या ग्रामसभेत माझा सख्खा भाऊ किसन बी बसल्ता, हात वर करून.

संध्याकाळी भाऊला फोन लावला. "गायरान का दिलं?" म्हणलं, तर खिदळायला लागला. "नाम्या, आमाला येडं समजतो का? येवढी मोठी विमानाची कंपनी. नुसती झाडं लावायला येवढ्या दूर कोण येतं का? आदी जागा धरायची, तार मारायची, लोकांला दाखवायला झाडं लावायची. मंग विमानतळ!" खरं सांगतो, मला त्याचा राग बी धरता आला न्हाई. शहाण्या माणसानं असाच हिशोब केला असता.

मंग कुंपणाची तार बसली, खड्डे झाले, कडुलिंबाची, करंजाची रोपं लागली. कंपनीनं बोर्ड लावला, त्यावर विमानाचं चित्र. झालं! जालन्याच्या, संभाजीनगरच्या गाड्या फिरायला लागल्या, जमिनीचे भाव विचारायला लागल्या. मी न्हाई म्हणलं की तुम्ही लोक डोळा मारायचे. "आमचं तिकीट काढून ठिव," म्हणून मेसेज टाकायचे. भाऊ तर मलाच समजावून सांगायचा, "तुला बोलायची बंदी असंल. समजतं मला." जितकं न्हाई म्हणावं तितकं ते पक्कं होऊन राह्यलं.

आन एक दिवस भाऊचा फोन आला. "मेंढरं इकून टाकतो. चराई तर गेलीच. विमानतळ झालं की घरटी एक नोकरी देतेतच. येत्या बाजाराला व्यापारी येऊन राह्यलाय." मेंढरं आबांच्या हातची. भाऊला दुसरं काम येत न्हाई, आन जी नोकरी जन्मात येणार न्हाई तिच्यावर तो सगळा कळप उडवायला निघाला. रजा टाकली आन जल्दी निघालो.

भाऊ गायरानाच्या तारेपाशीच भेटला. मेंढरं तारेतून तोंड घालून आतलं गवत ओढून राह्यली होती. म्हणलं, "भाऊ, रेणुकाईची शपथ घेऊन सांगतो, इथं विमानतळ येणार न्हाई. कधीच न्हाई."

आमच्या घरात रेणुकाईचं नाव उगाच कोणी घेत न्हाई. भाऊच्या तोंडावरचं हसू गेलं.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग गायरान कशापायी घेतलं?"

"तिकडं झाडं तोडावी लागली, म्हणून इकडं लावली."

"तिकडं तोडली तर तिकडंच लावायची."

"तिकडं जागा न्हाई, भाऊ."

"आन इकडं हाये?"

हेच सगळं मी मोठमोठ्या सायबांपुढं उभं राहून सांगितलंय, चित्रं दाखवून सांगितलंय, कोणी अडवलं न्हाई. भाऊनं एका सवालात अडवलं. त्यानं तारेत अडकलेलं एका मेंढीचं तोंड सोडवलं. मंग म्हणला, "विमानतळ येऊन राह्यलं म्हणून तार सोसत होतो रे. ते बी तू काढून घेतलंस."

परत येऊन मी मॅडमच्या मागं लागलो. रोपं उंच झाली की मेंढरं आत सोडू द्या, गवत खातील, लेंड्या पडतील, झाडांचंच भलं होईल. त्यांनी वर विचारलं, खरंच विचारलं. उत्तर आलं की जनावर आत न्यायचं न्हाई अशी अटच हाये. त्या म्हणाल्या, "काही वर्षांनी बघू." तवर मेंढरांनी काय हवा खायची?

भाऊनं व्यापाऱ्याला माघारी लावलं. पण कळप ठेवायचा तर चारा पायजे, आन चारा असंल तिकडं जायला पायजे. आमच्या घरातली भटकंती आजाच्या वक्तालाच बंद झाल्ती. आबांनी चार भिंती बांधल्या, भाऊनं त्यावर पत्रे घातले. ह्या दिवाळीनंतर त्यानं बिऱ्हाड घोड्यावर लादलं, वैनीला घेतलं आन अजिंठ्याच्या डोंगराकडं निघून गेला. तिथून बुलढाण्याकडं. आज ह्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. घराला कुलूप.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हाला म्हणून सांगतो. इतकी वर्षं मी इथं शहरात राहून राह्यलो ते भाऊ तिकडं होता म्हणून. बदली झाली, पोरं आजारी पडली, सायबानं झापलं, तरी मनात असायचं की चला, भाऊ घरी हाये. मी त्या चार भिंतींना घर म्हणत होतो असं मला वाटायचं. कुलूप लागल्यावर कळलं की मी भाऊला घर म्हणत होतो. आन आता तो कुठल्या शिवारात हाये ते मला फोन लागल्याशिवाय कळत न्हाई. लई जीव तुटतो.

परवा फोन लागला. वारा इतका की निम्मं ऐकू येईना. वैनी कशी हाये विचारलं, मेंढरं कशी हायेत विचारलं. भाऊ बरी हायेत म्हणला. माफी मागावी तर कशाची, आन कोणाच्या वतीनं? तेवढ्यात त्यानंच विचारलं, "नाम्या, गायरानातल्या झाडांला पाणी घालून राह्यले का?"

"टँकर जातो म्हणतेत," मी म्हणलं.

"म्हणतेत नको. तू सोता जाऊन बघ. त्यांच्यापायी आमी घर सोडलं. ती तरी जगली पायजेत."