राखण नावाची फाइल

कामावर आल्या आल्या काका सर्व्हरच्या कपाटावर तळहात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग माझ्याकडे न बघता विचारायचे, "जागा किती हाय गो?"

मी आकडा सांगायचे. तो ते स्वतः पुन्हा तपासायचे आणि जाड वहीत पेनाने लिहायचे. डिस्क किती भरली, ट्रक सुटायच्या वेळेला स्क्रीन उघडायला किती सेकंद लागले. मशीन, म्हणजे तो सर्व्हर, बंद पडलं तर का पडलं, त्यासाठी शेवटचा रकाना 'कारण'. तो बहुतेक कोराच असायचा. रोह्याच्या आमच्या कारखान्यातला सगळा माल त्या एका मशीनच्या भरवशावर सुटायचा, आणि मशीन काकांच्या.

काका नात्याचे नव्हेत, कामावरचे माझे वरिष्ठ; पेणच्या खारपट्टीतले, जिथे बांध घालून खाडीचं पाणी अडवतात, मिठागरवाल्याचा मुलगा. ते पेणला रोह्याच्या गाडीत बसायचे, मी निडीला चढायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यंत्र नीट चालतं तोवर त्यांना कोणी विचारत नाही. काका म्हणायचे, "लोकांना वाटतं, बंद पडलं की आपलं काम सुरू. अगो, बंद पडलं म्हणजे आपण काम केलंच नाय!"

नवी डिस्क मागितली की साहेब म्हणायचे, "अजून वीस टक्के रिकामी आहे की!"

"साहेब, पाणी बांधाच्या दोन बोटं खाली आलं की आमच्याकडे कोणी झोपत नाय."

साहेब हसायचे. अर्ज तिथेच पडून राहायचा.

मागच्या वर्षी काकांना कॅन्सर निघाला. सुट्टीवर जाताना त्यांनी मशीन माझ्यावर सोपवलं. आणि मी काय केलं? आठवड्याभरातच मला एक भलीमोठी फाइल सापडली. नाव 'राखण', जागा खूप अडवलेली, पण आत कामाचं काहीच नाही. असला कचरा कशाला, म्हणून मी ती उडवली. ढीगभर जागा झाली. साहेबांची शाबासकीही घेतली, बरं का! डिस्कचा अर्ज त्याच दिवशी रद्द झाला.

जागा दिसली की लोक भरतातच. महिन्याभरात डिस्क काठोकाठ भरली आणि ऐन माल सुटायच्या वेळी मशीन ठप्प झालं. गेटवर ट्रकांची रांग लागली. मी काकांना फोन लावला.

"घाबरू नको," ते म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "राखण नावाची रिकामी फाइल हाय. अशाच वेळेसाठी जागा अडवून ठेवलीय. ती उडव, मशीन उठेल. मग सावकाश आवर."

मी फोन घेऊन जिन्यात गेले.

"उडवलीस का?"

"काका... ती मी मागेच उडवली."

पलीकडे त्यांनी कोणाकडे तरी पंचा मागितला. मग म्हणाले, "बरं. येतो मी."

नको नको म्हटलं तरी आले. दुपारच्या गाडीने, डोक्याला पंचा गुंडाळून. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. आल्या आल्या कपाटावर तळहात ठेवला. चार तास बसून, "हे कोणाचं? हे उडवू?" असं एकेक विचारत त्यांनी जागा केली. मशीन उठलं. मग पुन्हा तेवढीच रिकामी फाइल केली, नाव तेच.

"बाबा बांधाजवळ चिखलाचा ढीग राखून ठेवायचे," ते म्हणाले. "हा कशाला पडलाय, म्हणून लोक हसायचे. बांध फुटला की धावत यायचे."

मला रडू आवरेना. "रडतेस काय गो? गाडी चुकेल माझी."

त्यानंतर ते रोह्याला आले नाहीत. सव्वा महिन्याने गेले. त्या फेरीने त्यांचे दिवस कमी झाले का, कोण सांगणार? मला मात्र तसंच वाटतं, आणि ते मनातून जात नाही.

तेराव्यानंतर साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी मशीन का बंद पडलं? लिहून द्या." म्हटलं, आता लपवायचं नाही. आधी वहीत स्वतःचं नाव लिहू. काका सुट्टीवर गेल्यापासून मी वहीला हात लावला नव्हता; पेन घेऊन ती उघडली.

त्या दिवसाचं पान भरलेलं होतं. काकांचं अक्षर, वेडंवाकडं झालेलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं : राखणीचं पोरीला सांगायचं राहून गेलं. चूक माझी.

रकाना कडेपर्यंत भरला होता. माझं नाव लिहायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.