मोठ्या सिस्टरचा प्रिंटर

पदनाम: सहाय्यक तंत्रज्ञ (मुद्रण व जोडणी), कंत्राटी. वय: अठ्ठेचाळीस. कार्यक्षेत्र: रुग्णालयाचे चारही मजले व तळघर. कर्तव्ये: सर्व छपाई यंत्रे अखंडित चालू ठेवणे, बिनतारी जोडणीच्या तक्रारींचे तत्परतेने निवारण करणे, वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे करणे. वर्तणूक: समाधानकारक. ओळखचिन्ह: वरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, तो शेवटचा कधी वापरला, याची नोंद उपलब्ध नाही.

त्यांना सगळे जोडणीकाका म्हणतात.

वॉर्डांतले संगणक जाऊन टॅब्लेट आले, तेव्हा यंत्रांचे नंबर कुणाच्या लक्षात राहीनात. काकांनी त्यावर उपाय काढला: जे यंत्र ज्याच्या टेबलाशी, त्याला त्याचं नाव. टॅब्लेटवर यादी उघडली की 'मोठ्या सिस्टर', 'ड्रेसिंगवाले', 'भुलीचे डॉक्टर' अशी घरच्यासारखी नावं दिसत. शिवाय एका मजल्याच्या टॅब्लेटला दुसऱ्या मजल्याचं यंत्र दिसू नये, अशीही तजवीज त्यांनी केली. नाहीतर डोळ्यांच्या वॉर्डातला कागद बाळंतिणींच्या वॉर्डात निघे. काकांच्या आयुष्यात लोकांनी आपणहोऊन कौतुक केलं, ते एवढंच.

त्या मंगळवारी चार वाजता त्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना हृदयाच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि ती पाचपर्यंतच राखून ठेवणार होते. हलवण्याचा कागद छापून, त्यावर शिक्का मारून नुसता फोटो पाठवला तरी पुरे होतं. हातानं लिहिलेला कागद ते घेत नसत. अक्षर न लागून मागे कुणाला तरी भलतंच औषध गेलं होतं.

"दादा, होईल ना?" म्हाताऱ्यांची मुलगी म्हणाली. तिच्या कानाला फोन होता. पलीकडे तिचा धाकटा भाऊ मोठ्या रुग्णालयात त्या रिकाम्या खाटेवरच बसून होता.

"पाच मिनिटांचं काम," काका म्हणाले. हे वाक्य ते गेली अकरा वर्षं म्हणत आले होते.

डॉक्टरांचा टॅब्लेट पाहुण्यांच्या वायफायवर गेला होता. तिथून यंत्रं दिसत नाहीत. काकांनी तो कर्मचाऱ्यांच्या वायफायवर आणला आणि यादी आली. डॉक्टरांनी 'मोठ्या सिस्टर' दाबलं. टॅब्लेट म्हणाला, छापलं.

टेबलावरचं यंत्र ढिम्म.

काकांनी यंत्र बंद करून चालू केलं. ट्रे ओढून कागद पुन्हा झटकून लावले. टॅब्लेट बंद करून चालू केला. भिंतीवरच्या वायफायच्या डबीची वायर काढून घातली. प्रत्येक वेळी टॅब्लेट म्हणाला, छापलं. तो इतक्या शांतपणे म्हणे, की खोटं बोलत असेल असं वाटेना.

"काका, पासवर्ड बदललाय का कुणी?" वॉर्डातली सिस्टर म्हणाली.

"पासवर्ड चुकला असता तर छापलं म्हणाला असता का?"

"मग छापलं कुठे?"

काकांनी यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं.

"अरे, उठू नकोस तू," मुलगी फोनवर म्हणत होती. "ओरडले तर ओरडू देत. चादर धरून बस." मग काकांकडे वळून, "तो म्हणतोय, दुसरा पेशंट दारात आणून ठेवलाय."

म्हाताऱ्यांनी मास्क बाजूला सारून विचारलं, "शाई संपली असेल का?"

"तुम्ही बोलू नका, बाबा."

डॉक्टर पुन्हा पुन्हा दाबत होत्या. "मला दुसरं काही सुचत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दाबलं.

पाचला सात कमी असताना वॉर्डातला फोन वाजला. तळघरातला भांडारवाला होता. "तुमच्या मोठ्या सिस्टर चारलाच घरी गेल्यात ना? त्यांच्या बंद खोलीत मशीन तासभर एकटंच कागद ओकतंय. आग-बीग लागायची, बघा जरा."

काका खुर्चीत बसले.

दोन आठवड्यांपूर्वी मोठ्या सिस्टरची बदली तळघरातल्या नोंदखोलीत झाली होती. जाताना त्यांनी प्रिंटरही नेला. त्याच्यावर त्यांचं नाव होतं ना. हातगाडीवर चढवायला स्वतः काकांनीच हात लावला होता. यंत्र तळघरात गेलं, पण तिसऱ्या मजल्याच्या यादीतलं त्याचं नाव काढायचं राहिलं. त्याच्या जागी कंपनीच्या माणसानं आदल्याच दिवशी बसवलेलं नवं यंत्र यादीत सगळ्यात खाली होतं, नुसत्या नंबरानं. तो नंबर भंगारात गेलेल्या यंत्राचा आहे असं समजून, त्याला हात लावू नका, असं काकांनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

नोंदखोलीची किल्ली मोठ्या सिस्टरच्या पर्समध्ये, त्यांच्या घरी होती. काकांनी टॅब्लेट हातात घेतला, यादीच्या तळाशी गेले आणि नंबर दाबला. नवं यंत्र बराच वेळ घरघरलं. त्याचं ते वॉर्डातलं पहिलंच पान होतं. कागद आला तेव्हा घड्याळात पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. सिस्टरनं शिक्का मारला. मुलीनं फोटो काढला. पहिला हलला. दुसरा काढला, पाठवला.

मग तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"उठवलं त्याला," ती म्हणाली. "दोघांनी धरून."

काका म्हणाले, "ताई, नाव मीच दिलं होतं."

तिला ते कळलं नाही. तिनं शिक्क्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पुढे कधी लागेल म्हणून.

त्या दिवसाच्या नोंदवहीत लिहिलं आहे: तक्रार, मोबाइल उपकरणावरून छपाई होत नाही. कारण, यंत्राची निवड चुकीची. निवारण, यशस्वी. लागलेला वेळ, एक तास तीन मिनिटे. तळघरात सापडलेल्या प्रती, चौदा. पुढील कार्यवाही, सर्व यंत्रांची नावे रद्द करून क्रमांक देण्यात आले.

म्हातारे गृहस्थ गुरुवारी सकाळी त्याच कोपऱ्यातल्या खाटेवर गेले. त्यांच्या मृत्यूचा कागद पहिल्याच वेळी छापून आला.