तहानलेल्या रांगा

आवारातली पोरं तिला मातीमावशी म्हणायची. नखांत माती, ओढणीला माती, आणि भाजीच्या पिशवीत भाजी सोडून एखादं मुळासकट उपटलेलं रोप. नवरा म्हणायचा, "आमच्याकडे चहा उशिरा मिळतो, चिखल मात्र वेळेवर."

वनस्पतिशास्त्र ती हौसेनं शिकली होती. मग लग्न, लेक, नवऱ्याच्या बदल्या, यात ते सगळं माळ्यावर जाऊन पडलं. लेक हॉस्टेलला गेली आणि घर एकदम खायला उठलं, तेव्हा तिनं वनसंशोधन केंद्रात सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीला आलेली बाकीची मंडळी तिच्या लेकीच्या वयाची होती. तरी जागा तिला मिळाली, आणि जागेबरोबर रोपवाटिकेला लागून असलेलं छोटंसं क्वार्टरही.

केंद्रासमोरचा डोंगर वणव्यात जळाला होता. तिथे दोनदा रोपं लावली, दोन्हीदा उन्हाळ्यानं खाऊन टाकली. आता वरच्यांनी सांगून टाकलं होतं की तिसऱ्यांदा जमलं नाही, तर लाकडासाठी भराभर वाढणारी एकाच जातीची झाडं लावायची आणि मोकळं व्हायचं. मग तिथलं जुनं रान परत येण्याची आशाच संपली. तिला हे सहन होत नव्हतं.

तिचं म्हणणं असं, की रोपवाटिकेत आपण रोपांचे फार लाड करतो. रोज पाणी, डोक्यावर सावलीची जाळी. आयतं मिळतंय म्हटल्यावर मूळ खाली कशाला जाईल? लागवडीआधी काही महिने पाणी तोडलं, तर रोप पानं फुलवायचं सोडून मुळं वाढवेल. केंद्राच्या साहेबांनी मान डोलावली. "करून दाखवा. आकडे चांगले आले तर डोंगर मागायला मी जातो."

तिनं अर्ध्या रांगांना रोज पाणी ठेवलं, अर्ध्यांचं तोडलं. त्यांना फक्त मरू नयेत एवढंच पाणी, तेही ती स्वतः घालायची. डोळ्यांत तेल घालून ती त्यांच्याकडे बघत होती.

त्याच सुमारास सासूबाई राहायला आल्या. गुडघे दुखायचे, पण हात रिकामा बसत नसे.

आणि काय आश्चर्य! तहानलेल्या रांगा टवटवीत दिसायला लागल्या. साहेब तर हरखूनच गेले. "अहो, ही तर कमाल आहे! पाणी तोडूनही वाढ तेवढीच!" त्यांनी वरिष्ठांची बैठकही ठरवून टाकली. तीही चार दिवस हवेत होती. पण तहानलेलं रोप इतकं टवटवीत कसं, ही शंका काही जाईना. शेवटी तिनं एका रोपाची पिशवी फाडली. आत माती ओलीगच्च. मुळं आखूड, वरच्यावर पसरलेली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर उठली. सासूबाई पदर खोचून रांगांमधून फिरत होत्या, हातात झारी.

"आई, हे काय करताय?"

"काय म्हणजे? पाणी घालतेय. अगं, त्या बाजूच्यांना रोज पोटभर, आणि यांनी काय घोडं मारलंय तुझं? माना टाकल्या होत्या बिचाऱ्यांनी. मला बघवेना."

"अहो, ती मुद्दाम उपाशी ठेवली होती!"

"मुद्दाम?" सासूबाई थक्क झाल्या. "शिकलेली ना तू?"

तिला हसावं की रडावं कळेना. ती पायरीवर बसून राहिली. मग रडलीच.

गप्प बसणं सोपं होतं. आकडे सुंदर होते, आणि पाण्याची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. नवरा हळूच म्हणाला, "बैठक होऊन जाऊ दे ना. नंतर बघू." पण त्या आखूड मुळांची रोपं डोंगरावर गेली असती, तर तिसरा उन्हाळा त्यांना सोडणार नव्हता. मग डोंगर कायमचाच गेला असता.

ती साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे हातात काय राहिलं?"

"भिंतीकडच्या रांगा. तिथे नळीचा गुंता आहे, सासूबाईंचे गुडघे तिथवर जात नाहीत."

"मूठभर रोपं दाखवून मी डोंगर मागू? लोक हसतील मला."

"डोंगर नका मागू. उताराचा एक पट्टा मागा. ही मूठभर तिथे लावू, आणि शेजारी लाडावलेलीही लावू. काय ते डोंगरच सांगेल."

बैठकीत साहेबांनी बरीच बोलणी खाल्ली, पण पट्टा मिळवला. वरच्यांनी एक उन्हाळ्याची मुदत दिली.

घरात मात्र अबोला. "मी पाणीच घातलं, विष नाही," एवढं एकच वाक्य सासूबाई भांड्यांना ऐकवायच्या. लागवडीच्या दिवशी तिनं स्वतःच विचारलं, "आई, चलता का? तुम्ही पाणी पाजलेली रोपंही आहेत." त्या चपला घालून जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग पाऊस आला, गेला. उन्हाळा आला, आणि तो काही कमी करणारा नव्हता. डोंगरावर जायचं ती टाळत राहिली. शेवटी मुदत संपली तसे साहेब, ती आणि सासूबाई पट्ट्यावर पोचले.

लाडावलेल्या रांगांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. एखाददुसरं रोप कसंबसं तगलेलं. शेजारच्या रांगांतही पानं फारशी नव्हती. ती खाली बसली आणि नखानं एका काडीची साल किंचित खरवडली. आत हिरवं! दुसरी खरवडली. हिरवं. तिसरी मेलेली. चौथी, पाचवी, सहावी, हिरवं, हिरवं, हिरवं.

"साहेब, जिवंत आहेत! बहुतेक सगळी!"

साहेब आपला हुद्दा विसरून गुडघ्यांवर आले आणि स्वतः साली खरवडत सुटले.

सासूबाई आपल्या वाळक्या काड्यांपाशी उभ्या होत्या. "मेली गं माझी," त्या पुटपुटल्या. मग शेजारच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "आणि ही उपाशी बया बघ, कशी पाय रोवून बसलीय. कोडगी कुठली!" आवाजात राग नव्हता.

"आता उतार निम्मा तरी मागतो," साहेब हात झटकत उठले. "रोपं पुरवाल तेवढी?"

तिनं वर पाहिलं. काळपट, उघडा उतार पार माथ्यापर्यंत गेला होता. एवढ्याला किती बी लागेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात सुरूही झाला होता.

"खाली ओढ्याकाठी जुनी झाडं वाचलीत, त्यांचं बी आत्ताच गळतंय," ती म्हणाली. "उशीर केला तर पाखरं फस्त करतील. आई, तुम्ही जीपमध्ये बसता का?"

"बसू कशाला? बी वेचायला गुडघे लागत नाहीत, डोळे लागतात," सासूबाई म्हणाल्या आणि तिचा दंड धरून ओढ्याच्या वाटेनं उतरू लागल्या.