खुराड्यावरून पडलेल्या बायका

आमच्या घरात हाड मोडलं की ते खुराड्यावरून पडूनच मोडायचं, आणि मोडायचं ते आईचंच. एकदा मनगट, एकदा बरगडी, एकदा गालाचं हाड. परसात शेवग्याखाली कोंबड्यांचं मातीचं खुराडं होतं. शेंगा काढायला त्यावर चढले आणि घसरले, असं ती डॉक्टरला सांगायची. मी तिचा पदर धरून बाजूला उभी असायची. वडील दवाखान्याबाहेर बिडी ओढत थांबलेले असायचे. डॉक्टर प्लास्टर घालायचे, शेंगा जपून काढा म्हणायचे, आणि आम्ही तिघं एकाच रिक्षाने घरी यायचो.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे या हिवाळ्यात शेजारच्या काकांनी फोन करून 'तुजी आय खुराड्यावरनं पडली' असं सांगितलं, तेव्हा मला आधी हसू फुटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. या खेपेला ती खरंच पडली होती. शेंगांसाठीच चढली होती. छप्पर तिच्यासकट खाली बसलं आणि तिचा खुबा मोडला.

माणिकपूरच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेण्याआधी तिने माझं मनगट पकडलं.

"बाय, माज्या कोंबड्या सांबाळ. मी येईस्तवर एक पन मरता नये. तांबडी तर नायच."

तांबडी म्हणजे तिची म्हातारी लाल कोंबडी. वडील गेले त्या वर्षी अंड्यातून निघालेली. वडील होते तोवर आई घरात मोठ्याने बोलत नसे. ते गेल्यावर ती पहिल्यांदा मोठ्याने बोलायला लागली ती या कोंबडीशी. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी बँकेतून रजा काढली, विरारच्या फ्लॅटला कुलूप लावलं आणि कळंबला आईच्या घरी येऊन राहिले.

आठ कोंबड्या आणि खुराडं नाही. आई घरी येईपर्यंत तग धरेल असं काहीतरी उभं करायचं होतं. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि मला सगळं कळलं. माझं हे असंच आहे. कळतं पटकन आणि बिनसलं की राग त्याहून पटकन येतो. सुरूच्या चार बल्ल्या वाळूत रोवल्या, त्या संध्याकाळपर्यंत चारही दिशांना कलल्या. पुन्हा रोवल्या. खिळा ठोकताना अंगठा ठेचला, तर मी हातोडी शेवग्यावर इतक्या जोरात फेकली की साल निघाली. एक बल्ली लाथ मारूनच पाडली. कोंबड्या दूर कुंपणाशी गोळा होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. "बापावर गेलीस," असं आई मला लहानपणी म्हणायची, आणि त्यावर मी ताट भिरकावून द्यायची.

वर जुना पत्रा चढवला. बाजूंना तारेची जाळी लावायची, तर काका म्हणाले, "जाली कशाला इकत आनतेस? हे जुनं जालं घे ना. घोळ मासा सुटायचा नाय ह्यातनं, कोंबडी कुठं जाते?" समुद्राकाठच्या माणसाला जाळं म्हटलं की पकडणारी वस्तू दिसते, अडवणारी नाही. मलाही तेच दिसलं. निळं नायलॉनचं मोठ्या भोकांचं ते जाळं मी चारही बाजूंनी ताणून बांधलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. खुराडं दिसायला चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत जेवत होते. परसात कलकलाट झाला. उष्ट्या हाताने धावले, तर जाळ्याला दोन कोंबड्या लटकत होत्या, दोघींनाही मुंडी नव्हती. बाहेर सांडलेले तांदूळ टिपायला त्यांनी भोकांतून माना काढल्या होत्या आणि मुंगसाने त्या बाहेरूनच खुडून नेल्या होत्या. पाय अजून झाडत होते. निळ्या दोऱ्यावरून रक्त ओघळत होतं. मी तिथेच भडाभडा ओकले.

संध्याकाळी फोनवर आईने विचारलं, "समद्या बऱ्या हायत ना?" मी म्हटलं, "सगळ्या बऱ्या आहेत." उरलेल्या सहांना मी दोन दिवस घरात कोंडून ठेवलं. मग ज्या दुपारी आईला दुसऱ्या दिवशी सोडणार असा फोन आला, त्या दुपारी मी कोंबड्या मुद्दाम खुराड्यात घातल्या, बाहेर तांदूळ टाकले आणि जाड बांबू घेऊन मागच्या दाराआड बसले. मला कोंबड्या वाचवायच्या नव्हत्या. मला मुंगूस मारायचं होतं. हे तेव्हाही मला कळत होतं.

ते आलं. या वेळी दोरा कुरतडून सरळ आत शिरलं आणि जाळ्यात गुरफटलं. मी धावत जाऊन बांबू हाणला. पहिला फटका बल्लीवर बसला आणि अख्खं खुराडं पत्र्यासकट खाली आलं. त्या निळ्या गोळ्यात काहीतरी तडफडत होतं, ओरडत होतं. मी त्याच्यावर फटके घातले. दात आवळून, शिव्या देत. त्या शिव्या मी आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या, फक्त भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या. पिसं उडाली. ओरडणं थांबलं तरी माझा हात थांबेना, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

काकांनी मागून येऊन मनगट धरलं. "बाय, बस! कोनाला मारतेस? मुंगूस कवाच पलालं!"

जाळं कापून काढलं. दोन कोंबड्या पत्र्याखाली चेंगरून मेल्या होत्या. त्यांच्याखाली तांबडी होती. जिवंत होती, पण एक पाय मांडीपासून उलटा फिरला होता.

दुसऱ्या दिवशी आई वॉकर टेकत आली. ओटीवर बसली, पाणीही न पिता म्हणाली, "तांबडी आन." मी टोपलीसकट आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिने पाय चाचपला.

"काय झालं हिला?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं, "खुराडं पडलं तिच्या अंगावर."

 आईने माझा उजवा हात ओढून उलटा केला. तळव्यावर बांबूचे फोड होते, दोन फुटलेले. एवढे फोड कशाने येतात हे तिला सांगायची गरज नव्हती.

"मी पन चालीस वर्सं त्याच खुराड्यावरनं पडत होते, बाय," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. दोन मुंड्या, बांबू, शिव्या, बरं वाटलं होतं तेही.  कोंबडीच्या पायाला बांधायला आईने चिंधी आणि हळद मागितली. मी आणून दिली आणि कोंबडी धरायला हात पुढे केला.

तशी तांबडी मोडका पाय ओढत आईच्या पदराखाली शिरली. वडिलांचा हात उठला की मी शिरायची तिथेच.