मिसिंगची नोंद बंद करताना

"मॅडम, मी हरवलेली नाहीये. तुमच्यासमोर बसलेय," अश्विनी पुन्हा म्हणाली. ते मलाही दिसत होतं, पण कॉम्प्युटरवर तिच्या नावासमोर मिसिंग असंच लिहिलेलं होतं.

मी बदलापूरकडच्या एका पोलीस ठाण्यात सीसीटीएनएसवर काम करते. देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी ही कॉम्प्युटर यंत्रणा. गुन्हे, आरोपी, हरवलेली माणसं, सगळं त्यात. आमच्याकडे ते भरणारी मी एकटी, आणि सर्व्हर बसला की शिव्या खाणारीही मीच.

अश्विनी वांगणीची, शेतकऱ्याची मुलगी. काही वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न करायला घरातून निघून गेली. वडिलांनी आमच्याकडे मिसिंग दाखल केली. पुढच्याच आठवड्यात दोघं लग्नाचा दाखला घेऊन आले आणि स्वखुशीने गेल्याचा जबाब देऊन गेले. जबाब घेणाऱ्या हवालदारांची बदली झाली. कॉम्प्युटरवरची नोंद उघडीच राहिली.

आता तिला विमानतळावर नोकरी लागली होती. सोमवारपर्यंत पोलिसांचा चारित्र्य दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. ती राहते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. तिथल्या ठाण्याने नाव टाकलं तर मिसिंग आलं. नोंद ज्या ठाण्याची, बंदही त्यानेच करायची, म्हणून तिला आमच्याकडे धाडलं.

मी तिचा जुना जबाब काढून साहेबांपुढे ठेवला. साहेब नवीन होते, कुठेही सही करायची म्हटली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"बापाचा जबाब घ्या. ज्याने हरवली सांगितलं, त्यानेच मिळाली सांगायचं."

"सर, ती सज्ञान आहे. तिचा जबाब पुरेसा आहे."

"उद्या बाप माझ्या केबिनमध्ये येऊन बसला तर तुम्ही येणार का बोलायला?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी वांगणीला तिच्या वडिलांना फोन लावला, मिसिंगची नोंद बंद करायला जबाब द्यायला या म्हटलं. "मना नाय यायचा. आमच्यासाठी ती गेली," एवढं बोलून वडिलांनी फोन ठेवला. अश्विनी समोरच बसली होती. मला बापाचा राग आला, साहेबांचा आला, आणि हे रोज करणाऱ्या माझा स्वतःचाही कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा आला. लेकीकडे न बघता खुर्चीत बसला. मी जबाब टाइप करायला घेतला, आमचं नेहमीचं वाक्य, मुलगी मिळून आली असून तक्रार नाही. त्याने मला थांबवलं.

"म्हंजे आता मना बॉडी बघायला बोलावणार नाय ना?"

मला आधी कळेना. मग कळलं. बेवारस बाईचा मृतदेह सापडला की ठाणी यंत्रणेत उघड्या मिसिंग शोधतात. वय, उंची जुळली की घरच्यांना ओळख पटवायला बोलावतात. याला दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा हा गेला होता.

"काका, ती कॅम्पात आहे हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होता. पण तिचा घर नाय ठाऊक, फोन नाय ठाऊक. चादर काढीपर्यंत ती नसलच, असा कसा सांगू?"

अश्विनी रडायला लागली. "बाबा, मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच तिला बोलता आलं. त्याने सही केली. मग खिशातून साधा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, हिचा नंबर टाका. मी तो तिच्या हातात दिला.

दुपारी बसलेला सर्व्हर संध्याकाळी सुरू झाला आणि नोंद बंद झाली. सोमवारी दाखला मिळाला, नोकरीही राहिली.

त्यानंतर वेळ मिळेल तशा मी जुन्या उघड्या मिसिंग तपासायला घेतल्या. साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलंय का हे? कुणीच सांगितलेलं नाही. पण घरी परतलेल्या माणसाची नोंद बंद करायला चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही, आणि ती राहिली तर कुणाचा तरी बाप शवागाराच्या दारात उभा असतो.